संगणक सुरू होताच 'मॉड्यूल सापडले नाही' असा संदेश येतो तेव्हा



संगणक सुरू केला, डेस्कटॉप आला, आणि लगेच मध्यभागी एक छोटी चौकट! वर 'रनडीएलएल' असे नाव, खाली कुठल्यातरी फाइलचा लांबलचक पत्ता आणि शेवटी 'द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड'. ओके दाबले की चौकट जाते, म्हणून आपण महिनोन् महिने नुसते ओके दाबत राहतो.

स्पायवेअर म्हणजे आपल्या नकळत बसून आपण काय टाइप करतो ते बाहेर पाठवणारा प्रोग्रॅम. संगणकाबरोबर आपणही चालू व्हावे म्हणून तो विंडोजच्या सुरुवातीच्या यादीत स्वतःचे नाव घालून ठेवतो. पुढे अँटिव्हायरस त्याची फाइल काढतो, पण यादीतले नाव तसेच राहते. दाखला घेऊन गेलेल्या मुलाचे नाव हजेरीपटावर राहावे आणि आपण ते रोज पुकारावे, तसेच हे. म्हणजे ती फाइल गेलेली आहे. तिचे सोबती गेले का, हा खरा प्रश्न.

आधी चौकटीचा मोबाइलवर फोटो काढा. फाइलच्या नावात प्रिंटरच्या कंपनीचे नाव दिसले तर बहुधा जुन्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर अर्धवट निघाले आहे, घाबरू नका. पण नाव अर्थहीन अक्षरांचे असेल आणि पत्त्यात 'टेम्प' किंवा 'ॲपडेटा' असेल तर संशय घ्यायला जागा आहे. 'रनडीएलएल३२' मात्र विंडोजचाच भाग आहे, तो डिलीट करू नका. आणि हरवलेली डीएलएल फाइल नेटवरून शोधून आणून टाकू नका! बरेच जण नेमके हेच करतात आणि गेलेला चोर पुन्हा घरात घेतात.

आता तपासणी. विंडोज १० किंवा ११ असेल तर विंडोज सिक्युरिटीमध्ये 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' निवडा. काम आधी सेव्ह करा, कारण संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. विंडोज पूर्ण चालू होण्याआधीच हे स्कॅन होते, त्यामुळे लपून बसलेलेही सापडू शकते. साधारण १५ मिनिटे लागतात.

स्कॅन झाले की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, 'स्टार्टअप' मध्ये ती नोंद शोधून 'डिसेबल' करा. विंडोज ७ मध्ये हीच यादी 'एमएसकॉन्फिग' मध्ये असते, पण त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले, तेव्हा अशा संगणकावर महत्त्वाचे लॉगिन नकोच.

एवढे करूनही चौकट आली तर नोंद बहुधा 'टास्क शेड्युलर' मध्ये आहे. इथे मायक्रोसॉफ्टचे मोफत 'ऑटोरन्स' फार कामाचे. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्या. ज्या नोंदींची फाइल सापडत नाही त्या पिवळ्या दिसतात. फोटोतल्या नावाशी जुळणाऱ्या नोंदीची टिकखूण काढा, डिलीट नको. चुकले तर टिक परत करता येते.

चौकट गेली तरी एक काम उरते. त्या संगणकावर आपण सरल, यूडायस, बँक, ईमेल उघडलेले असते. त्यात मुलांचे आधार क्रमांक आहेत, पालकांचे मोबाइल नंबर आहेत. हे सगळे पासवर्ड दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून बदला. सुरुवात ईमेलपासून करा, कारण बाकीचे बरेच पासवर्ड त्याच्यावरूनच रीसेट होतात. ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले जुने पासवर्डही काढून टाका.