"बाई, एकीला जाऊ?" – ओटीपोटातल्या टाकीविषयी

प्राथमिक शाळेत करंगळी वर करून "बाई, एकीला जाऊ?" असं आपण सगळ्यांनीच विचारलं आहे. मोठं झाल्यावर हा विषय एकदम चारचौघांत न बोलायचा झाला. त्यामुळे होतं काय, की सेंट्रिफ्यूगल पंपाची डेरिव्हेशन तोंडपाठ असणाऱ्या मुलाला स्वतःच्या ओटीपोटातली टाकी कशी चालते ते माहीत नसतं. हसू येत असेल तर आधी हसून घ्या, मग वाचा.

आधी आकडे. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण 1 मि.ली. लघवी तयार करतात, म्हणजे दिवसाला दीड लिटरच्या आसपास. ती दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयात उतरते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात 400 ते 500 मि.ली. आरामात मावते, पण 150-200 मि.ली. झाली की पहिली वर्दी मिळते. म्हणजे मोकळं होऊन तीन तासांच्या पेपरला बसलात तर शेवटची बेल होईपर्यंत जमणार 180 मि.ली., जेमतेम पहिली वर्दी. (पेपरआधी बाटलीभर पाणी आणि दोन कटिंग झाले असतील तर हा हिशेब विसरा, तेव्हा वेग कितीतरी पट वाढतो.) एवढ्या वेळात तीनदा हात वर करणाऱ्याची बहुतेक वेळा टाकी भरलेली नसते, डोकं भरलेलं असतं.

खरी कमाल आहे ती दाबात. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढलं की तळाचा दाब वाढतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मूत्राशयाचं तसं नाही. त्याची भिंत डेट्रुसर नावाच्या स्नायूची असते आणि भरत जाताना ती सैल पडत जाते. आतल्या अस्तराच्या घड्या उलगडतात. आत 50 मि.ली. असो की 350, दाब 10 सें.मी. पाण्याच्या आसपासच राहतो. असं का लागतं? कारण मूत्रपिंडाकडून येणारी लाइन अगदी कमी दाबाची आहे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीत तिरकी शिरते, त्यामुळे टाकी भरली की ती आपोआप दाबली जाऊन नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारखी वागते. पण साठवणीतला दाब कायम 40 सें.मी.च्या वर राहू लागला, की मूत्रपिंडाचा निचरा अडतो आणि हळूहळू ते खराब होतं.

म्हणजे या यंत्राच्या अटी दोनच. साठवताना दाब कमी हवा, आणि रिकामं करताना स्नायू आवळला जाईल त्याच वेळी व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. बिघाड कुठलाही घ्या, यातली एक तरी अट मोडलेली सापडते.

आता कंट्रोल. खाली व्हॉल्व्ह दोन. आतला आपल्या ताब्यात नाही, बाहेरचा आहे. भरण्याच्या काळात कमरेच्या वरच्या भागातून निघणाऱ्या सिंपथेटिक नसा टाकीला "सैल राहा" आणि आतल्या व्हॉल्व्हला "बंद राहा" म्हणत असतात. रिकामं करायची ऑर्डर मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकातून, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीच्या नसांतून येते. पण हे दोन्ही एकमेकांशी जुळवणारा स्विच तिथे नाहीच. तो आहे मेंदूच्या तळाशी, पॉन्स नावाच्या भागात. बॅरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1925 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून तो शोधला. स्विच पडला की टाकी आवळते आणि व्हॉल्व्ह उघडतात. या स्विचवर कपाळामागच्या मोठ्या मेंदूचा हात असतो: "आत्ता नको, व्हायवा चालू आहे." तान्ह्या बाळात हा हात पोचलेला नसतो, म्हणून दुपटी बदलावी लागतात.

सेन्सर कोणता, हे मात्र अगदी अलीकडे कळलं. पिएझो-2 नावाचं एक प्रथिन ताण पडला की उघडतं आणि नसेत विद्युत संदेश जातो. त्याच्या शोधाबद्दल आर्डेम पटापूटियन यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. ते मूत्राशयातही काम करतं हे 2020 साली दाखवलं गेलं. जन्मतः हे प्रथिन नसलेल्या काही जणांना लघवीची भावना नीट येतच नाही, ते घड्याळ बघून जातात. लेव्हल इंडिकेटर जळाला तर ऑपरेटर टायमरवर चालवतो, तसंच.

जाता जाता मेकॅनिकलवाल्यांसाठी. 2014 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या मंडळींनी प्राण्यांच्या लघवीला स्टॉपवॉच लावलं. 3 किलोच्या वरचा सस्तन प्राणी, मग कुत्रा असो की हत्ती, सरासरी 21 सेकंदांत मोकळा होतो. हत्तीची टाकी अवाढव्य, पण पाइपही लांब आणि रुंद, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचा हेड जास्त मिळतो. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं. आपलंही गणित जुळतं: 400 मि.ली., सेकंदाला 20 मि.ली.

आता बिघाड. वडिलांच्या किंवा आजोबांच्या वयात प्रोस्टेट ग्रंथी वाढते आणि पाइप आवळते. धार बारीक होते, रात्री चारदा उठावं लागतं. टाकीचा स्नायू जोर लावून लावून जाड होतो, आणि शेवटी दमतो. घरी कुणी असं सांगितलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका, औषधं आहेत. जुन्या मधुमेहात नसा बधिर होतात, टाकी ओसंडेपर्यंत वर्दीच मिळत नाही.

सगळ्यात वाईट बिघाड मज्जारज्जूच्या दुखापतीत होतो. आपल्या वयात त्याचं कारण बहुधा गाडीचा अपघात किंवा उंचावरून पडणं. वरच्या स्विचची लाइन तुटते. काही आठवडे टाकी थंड पडते, मग खालचा मज्जारज्जू स्वतःच्या अकलेने चालू लागतो, पण जुळवणी गेलेली असते. स्नायू आवळतो त्याच वेळी व्हॉल्व्हही आवळतो. दाब चढतो, मूत्रपिंडावर येतो. एके काळी असे रुग्ण पाठीच्या जखमेने नव्हे, मूत्रपिंडं निकामी होऊन जायचे. 1972 साली मिशिगन विद्यापीठाचे जॅक लॅपिडीस यांनी सोपा उपाय मांडला. रुग्णाने साबणाने हात धुऊन स्वतःच ठरावीक वेळाने बारीक नळी घालायची, टाकी मोकळी करायची, नळी काढायची. निर्जंतुक नाही, फक्त स्वच्छ. त्यांचं म्हणणं असं, की दोन-चार जंतूंपेक्षा ताणलेली, तुंबलेली टाकी जास्त घातक. तेव्हा भुवया उंचावल्या, पण आज जगभर हेच करतात.

"दाबून धरली तर फुटते का?" हा हॉस्टेलमधला ठरलेला प्रश्न. खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे 1601 साली प्रागमध्ये मेजवानीला बसला, शिष्टाचार म्हणून उठला नाही, घरी आल्यावर लघवी होईना आणि अकरा दिवसांत गेला. हे केप्लरने लिहून ठेवलं आहे. पण निरोगी टाकी नुसती धरून ठेवल्याने फुटत नाही, त्याआधी व्हॉल्व्ह हार मानतो. ब्राहे तेव्हा 54 वर्षांचा होता, आधीपासून काही अडथळा असावा असं माझं मत.

आपल्याकडे खरा त्रास वेगळा आहे. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सें.मी., पुरुषांचा 20 च्या आसपास. आतड्यातला ई. कोलाय जंतू मुलींच्या टाकीत चटकन पोचतो. पाणी भरपूर आणि वेळच्या वेळी मोकळं होणं म्हणजे पाइपलाइन फ्लश करणं. आणि आपल्या मुली करतात उलटं. एस.टी. स्टँडवरचं स्वच्छतागृह नको म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हा त्यांचा दोष नाही. 2011 साली मुंबईत "राइट टू पी" ही मोहीम सुरू झाली ती याचसाठी. आपल्या वर्कशॉपच्या बाजूला मुलींसाठी सोय कुठे आहे, हे स्टाफने एकदा मोजून बघावं.

मुलांचाही एक न बोलला जाणारा प्रकार आहे. कॉमन टॉयलेटमध्ये मागे कुणी उभं असलं की काहींची लघवी सुटतच नाही. भीतीने सिंपथेटिक नसा व्हॉल्व्ह घट्ट धरून ठेवतात. हा आजार ओळखीचा आहे, उपचारही आहेत. अशा मित्राची टिंगल केली की तो व्हॉल्व्ह आणखी घट्ट होतो.

उन्हाळी लागली म्हणून दोन दिवस सब्जा प्यायला हरकत नाही. पण थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, लघवीत रक्त किंवा लघवी पूर्ण बंद, यातलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रूममेटच्या ड्रॉवरमधली उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप घ्यायची नाही. लघवीचा कल्चरसाठीचा नमुना पहिली गोळी पोटात जाण्याआधी द्यावा लागतो, नंतर दिला तर जंतू सापडतीलच असं नाही.