मृत्युपत्र आणि म्हातारपणाची तरतूद

तारापूर औद्योगिक वसाहतीत हयात घालवलेल्या आपल्या बांधवांची पुंजी म्हणजे बोईसर-पालघरमधील एखादे घर, फंड आणि ग्रॅच्युइटी. ती आजारपणात आपल्याच उपयोगी पडावी, याचा विचार हातपाय धड असतानाच केला पाहिजे.

मृत्युपत्राविना माणूस गेला, तर १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. तो बौद्धांनाही लागू आहे. पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, पत्नी, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. घराचा वा बँक खात्याचा नॉमिनी मालक नसतो, तो केवळ विश्वस्त असतो.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. घर तेव्हाच हातचे जाते. द्यायचेच असेल, तर शेवटपर्यंत सांभाळ करण्याची अट त्यातच लिहून घ्यावी. ती मोडल्यास साठी ओलांडलेल्यांना २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करण्याची मागणी करता येते.

मुलांवर विश्वास जरूर ठेवावा. पण डोक्यावरचे छप्पर शेवटपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवावे.