बॅटरी मे महिन्यात मरते, कळतं डिसेंबरात

बाळ, द्राक्षबाग तू सांभाळायला घेतलीस आणि फवारणीच्या ब्लोअरसकट छोटा ट्रॅक्टरही तुझ्याच हातात आला. छाटणी, डिपिंग, विरळणी यातलं तुला मी काही शिकवावं असं नाही. पण बॉनेटखाली जी काळी पेटी बसलेली असते तिच्याकडे ती बंद पडेपर्यंत घरातलं कुणी बघत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं सांगतो.

आपल्या निफाडात डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली उतरतो हे तुला ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान तेव्हा पेपरात पहिल्या पानावर असतं. अशाच दिवसांत ढगाळ हवा आली की डाऊनी रोगाची धास्ती असते. फवारा वेळेत गेला तर गेला, नाहीतर घड हातचे जातात. नेमक्या त्या सकाळी सेल्फ मारावा आणि नुसतं टक्-टक् ऐकू यावं, हे दर हिवाळ्यात कुणा ना कुणाच्या मळ्यात होतं. सगळे थंडीला दोष देतात. थंडीत बॅटरीची ताकद कमी पडते हे खरंच आहे. शून्य अंशाजवळ ती साधारण एक तृतीयांशानं घटते, शिवाय इंजिनातलं ऑइल घट्ट झाल्यानं सेल्फला जोर जास्त लागतो. पण धडधाकट बॅटरी एवढं सहज सोसते. जी सोसत नाही तिचं आयुष्य आधीच्या उन्हाळ्यानं खाल्लेलं असतं. म्हणून बॅटरीची काळजी घ्यायची ती मार्च ते जूनमध्ये, जेव्हा तिची कुणाला आठवणही नसते.

आत काय चालतं ते थोडं समजून घे, म्हणजे पुढचं पाठ करावं लागणार नाही. १२ व्होल्टच्या पेटीत ६ सेल असतात. प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि त्या बुडतील एवढं पातळ सल्फ्युरिक ॲसिड. गास्ताँ प्लाँते नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ साली अशी पहिली बॅटरी केली. तेव्हापासून खोका बदलला, झाकणं बदलली, दुखणी मात्र तीच राहिली. बॅटरी वापरली की प्लेटांवर लेड सल्फेट धरतं आणि चार्ज केली की ते निघून जातं. पण उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर त्या सल्फेटचे कडक खडे होतात. मग कितीही चार्ज कर, तेवढी प्लेट कायमची गेली. दुसरं दुखणं उष्णतेचं. तापमान १० अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगानं होतात. पाणी उडतं, प्लेटांची जाळी गंजते आणि काही न वापरताही चार्ज उतरत राहतो. आता आपला मे महिना डोळ्यांपुढे आण. काढणी कधीच संपलेली, खरड छाटणीनंतरच्या फवारण्या ऑक्टोबर छाटणीनंतरच्या इतक्या दाट नाहीत, ट्रॅक्टर तापलेल्या पत्र्याखाली उभा. म्हणजे बॅटरी उतरतेही आणि भाजतेही.

तेव्हा पहिलं काम हे कर. ट्रॅक्टर पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभा राहणार असेल तर निगेटिव्हची वायर सोडून ठेव. तू बसवलेला म्युझिक प्लेअर आणि मागचे एलईडी दिवे बंद असले तरी थोडाथोडा करंट खाऊ शकतात. त्याहून चांगलं म्हणजे निगेटिव्हवर कट-ऑफ स्विच बसवून घे, फार महाग नसतो. ट्रॅक्टर शक्य तर झाडाच्या सावलीत लाव. झाड नसेल तर पत्र्याखाली हवा खेळेल अशी जागा बघ. आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्जरवर लावच.

यावर तू म्हणशील, मी रोज दोन मिनिटं ट्रॅक्टर सुरू करून बंद करते की. त्यानं बॅटरी भरत नाही. आयडलिंगवर अल्टरनेटर जेमतेम चालतो आणि उतरलेली बॅटरी भरायला काही तास लागतात. ट्रॅक्टर फिरवायचाच असेल तर अर्धा-पाऊण तास थ्रॉटल देऊन फिरव, जमलं तर काहीतरी काम करत. फार उतरली असेल तर मात्र चार्जरला पर्याय नाही. चार्जिंगचा करंट बॅटरीच्या एएचच्या, म्हणजे अँपिअर-अवरच्या, दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ७५ एएचची असेल तर ७ ॲम्पिअरच्या आसपास, आणि रात्रभर सावकाश. बाजारच्या दिवशी ‘तासाभरात भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे देऊ नकोस. घाईच्या चार्जिंगमध्ये बॅटरी तापते, प्लेटा वाकतात आणि त्यांवरचा लेप तळाशी गळतो.

दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू दे. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिला की सकाळी सेल्फ मारायच्या आधी दोन्ही टर्मिनलवर मोज. १२.६ किंवा त्यावर दाखवलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जवळजवळ रिकामी. १२.४ च्या खाली दिसली की त्याच दिवशी चार्जरला लाव, रविवारची वाट बघू नकोस. मग इंजिन चालू करून पुन्हा मोज. १३.८ ते १४.४ च्या दरम्यान यायला हवं. त्याहून कमी असेल तर आधी पट्टा आणि अल्टरनेटर तपास. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि तो बॅटरीचं पाणी उकळून टाकतो आहे. बऱ्याच जणांची दुसरी बॅटरीसुद्धा लवकर जाते ती यामुळे. नवी बॅटरी घेताना जुनी का गेली हे कुणी विचारतच नाही.

पाण्याचं आता. उघडणाऱ्या झाकणांची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी आणि एरवी महिन्यातून एकदा झाकणं काढून बघ. प्लेटा बुडून वर साधारण १० मिलिमीटर पाणी असावं, किंवा बाहेर कमी-जास्तच्या खुणा असतील तर त्यांच्या मध्ये. घालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं नाही, बोअरचं तर मुळीच नाही, आणि पिण्याच्या आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण असतात, आणि ते आत साचत जातात. पाणी चार्जिंग झाल्यावर घाल, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच भरलेलं बाहेर सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र चार्जिंगआधी त्या बुडतील एवढंच घाल. ॲसिड कधीही वरून घालू नकोस, मग कुणी कितीही सांगो. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. ‘ॲसिड टाकलं की बॅटरी ताजी होते’ म्हणणारे भेटतील. ती चार दिवस जोर दाखवते आणि मग ते ॲसिड प्लेटा खाऊन टाकतं.

हायड्रोमीटरही घेऊन ठेव. काचेच्या नळीत आतला द्रव ओढायचा आणि तरंगणाऱ्या काट्यावरचा आकडा वाचायचा. भरलेल्या बॅटरीत तो १.२५ ते १.२८ च्या घरात असतो. मी आकड्यापेक्षा सहाही सेलमधला फरक बघतो. पाच सेल १.२५ आणि एक १.१९, असं चार्जिंगनंतरही दिसलं तर तो सेल गेला, आणि त्याच्यासोबत बॅटरीही. अशा बॅटरीवर ‘रिपेअर’चे पैसे घालू नकोस.

बॅटरी जाण्याचं आणखी एक कारण आपल्या द्राक्षवाल्यांचं खास आहे. बोर्डो, गंधक, औषधाचे फवारे सगळं ट्रॅक्टरवर उडतं आणि बॅटरीच्या माथ्यावर बसतं. त्याचा ओला थर दोन्ही टर्मिनलांच्या मध्ये वाट तयार करतो आणि त्यातून करंट झिरपतो. फवारणी झाली की ओल्या फडक्यानं माथा पूस. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली तर झाकणं घट्ट लाव, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशनं घास, साध्या पाण्यानं धू, कोरडं कर, चिमटे घट्ट आवळ आणि वरून पेट्रोलियम जेली लाव. सोडा आत गेला तर ॲसिड मारतो, म्हणून झाकणांचं आधी सांगितलं. वायर सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंस आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेटतो. बॅटरीपाशी विडी-काडी नको आणि वाकून बघताना डोळ्यांवर चष्मा हवा. ॲसिड उडालंच तर भरपूर पाण्यानं पंधरा मिनिटं तरी धुवायचं आणि डोळ्यात गेलं असेल तर धूत धूतच दवाखाना गाठायचा.

सेल्फ गुरगुरून थांबला म्हणजे बॅटरीच गेली असं समजून दुकानात धावू नकोस. आधी इंजिनापासून चेसीला जाणारी अर्थची पट्टी बघ. बरेचदा ती गंजलेली निघते आणि बिचारी बॅटरी बदलली जाते. ब्लोअरच्या फ्रेमला वेल्डिंग करायचं असेल तर निगेटिव्ह काढून मगच, नाहीतर अल्टरनेटर जळू शकतो. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नकोस. अर्धा-एक मिनिट थांब, मग पुन्हा. क्लच दाबलेला आणि पीटीओ बंद हवा.

नवी घ्यायची वेळ आली तर जुन्या बॅटरीवरचा एएचचा आकडा, तिची लांबी-रुंदी आणि पॉझिटिव्ह डाव्या हाताला की उजव्या, एवढं लिहून ने. टर्मिनल उलट्या बाजूला आलं तर वायर ओढून-ताणून बसवावी लागते आणि ती कधीतरी बॉनेटला घासते. कारची बॅटरी स्वस्त पडते म्हणून घेऊ नकोस. मळ्यातल्या हादऱ्यांनी तिच्या पातळ प्लेटा झडतात. ट्रॅक्टरसाठीची म्हणूनच विकली जाणारी घे, आणि जागेवर बसवल्यावर वरची पट्टी नटांनी पक्की आवळ. पट्टी नसेल तर त्या दिवशीच करून घे. हलणारी बॅटरी वॉरंटीसुद्धा पुरी करत नाही.

दुकानात दोन सारख्या एएचच्या असतील तर दोन्ही उचलून बघ. जड आहे तिच्यात शिसं जास्त. बनवल्याची तारीख विचार. कोडमध्ये असेल तर दुकानदाराकडून वाचून घे, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनी असली तर दुसरी माग. शेल्फवर पडलेली बॅटरीही उतरतच असते. वॉरंटी ‘३६ महिने’ सांगतील, पण त्यातले किती महिने फुकट बदलून देणार आणि किती महिने फक्त किमतीत सूट देणार हे वेगवेगळं विचार. कार्डावर तारीख, शिक्का आणि बॅटरीवरचा नंबर आपल्यासमोर लिहून घे. बसवण्यापूर्वी दुकानातच व्होल्ट मोज.

सीलबंद घ्यावी की झाकणांची? मी झाकणांचीच घेतो. सीलबंद तुझ्यासारख्या कामात बुडालेलीला सोयीची वाटेल, पण आपल्या उन्हाळ्यात उडालेलं पाणी तिच्यात परत घालता येत नाही. तिच्या माथ्यावरचा हिरवा डोळा सगळं ठीक आहे म्हणतो तेव्हाही तो एकाच सेलचं सांगत असतो.

ट्रॅक्टरची बॅटरी काढून कुणाला देऊ नकोस, हेही ऐक. झटका मशीनला, स्पीकरला, लाईट नसताना इन्व्हर्टरला मागायला येतील. ही बॅटरी क्षणभरात मोठा करंट देण्यासाठी बनवलेली असते, रात्रभर थोडा थोडा देत पार रिकामी होण्यासाठी नाही. मोजक्याच वेळा ती अशी तळापर्यंत गेली की संपली. नाही म्हणणं जड जात असेल तर माझं, तुझ्या मामाचं, नाव सांग. त्या कामासाठी ट्यूब्युलर बॅटरी मिळते, हेही सांग त्यांना.

कुठे अडलीसच तर जंपर केबल लावता यायला हवी. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरा लाल चांगलीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगलीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा बंद ट्रॅक्टरच्या इंजिनवरच्या कोऱ्या धातूला, बॅटरीपासून लांब. सुरू झाला की उलट्या क्रमानं काढ.

बॅटरी शेवटी भंगारवाल्याला देऊ नकोस. काही जण ती फोडतात, शिसं घेतात आणि ॲसिड ओढ्यात ओततात. ॲसिडासोबत गेलेलं शिसं मातीत राहतं आणि आपली मुलं त्याच ओढ्यावर खेळतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, त्यामुळे नवी विकणारा जुनी घेतो. झाकणं घट्ट लावून ती उभीच ने, आडवी टाकू नकोस, आणि तिचे पैसे नव्या बिलातून वजा झालेत का ते वाचूनच सही कर.