दार बदलण्याआधी बिजागरी बघा

ब्रिटनमध्ये घर घेतलेल्या आपल्या मंडळींना बॉयलरची धास्ती असते, छपरातल्या गळतीची असते. दारं-खिडक्या मात्र अडेपर्यंत कुणाच्या ध्यानीमनीही नसतात. ज्या घरांत नव्वदच्या दशकात डबल ग्लेझिंग बसवलं, तिथे आता ती अडू लागली आहेत. चौकट शाबूत, काच शाबूत; झिजतात ते हलणारे भाग, म्हणजे कुलूप, हँडल आणि बिजागऱ्या. हे भाग सुटे मिळतात आणि बहुतेक वेळा तासा-दोन तासांत बदलून होतात. तरीही लोकांना अख्खं दार विकलं जातं. आमच्याकडे तो प्रयत्न झाला, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जुलै २०२२ मधली गोष्ट. त्या महिन्यात लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली, इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच पारा चाळिशीपार गेला. आमचं मागचं दार दक्षिणेकडे, त्यात गडद तपकिरी. यूपीव्हीसी, म्हणजे दाराचं कडक प्लास्टिक, उन्हात फुगतं आणि गडद रंग जास्त तापतो. दुपारी दार लागेना, संध्याकाळी निवल्यावर लागे. ऊन सरलं तरी दार काही पूर्वीसारखं झालं नाही. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या. एका सकाळी त्यांनी हाक मारली, "अगं, हे हँडल बघ गं, वर जाईनासंच झालंय." खरंच हँडल सैल लोंबत होतं आणि आत काहीतरी खुळखुळत होतं.

चोवीस तास सेवेची जाहिरात असलेल्या एका नंबरावर नवऱ्याने फोन लावला. आलेल्या माणसाने दार सताड उघडं असताना, किल्ली व्यवस्थित फिरत असताना, ड्रिल काढलं आणि कुलपाचा सिलिंडर फोडला. मग म्हणाला, आतलं यंत्र आता बनत नाही, अख्खं दार बदलावं लागेल. अठराशे पौंड, त्यातले निम्मे आजच. शिवाय जुन्या दाराला सर्टिफिकेट नसल्याने विमा मिळणार नाही, अशी भीती घातली. आम्ही सही केली नाही. काढलेले तुकडे परत मागून घेतले, येण्याजाण्याचे पैसे दिले, पावती घेतली.

शेजारच्या आजीबाईंनी त्यांच्या ओळखीच्या जुन्या लॉकस्मिथचं नाव सुचवलं. त्या गृहस्थांनी आल्याबरोबर हत्यारांची पेटी बाजूला ठेवली आणि दाराकडे नुसतं बघत उभे राहिले. मग चौकटीतल्या धातूच्या पट्टीवर बोट ठेवून मला बोलावलं. जिथे हुक शिरतो त्या खाचेच्या खालच्या कडेला धातू घासून चकचकीत झाला होता, नखभर लांबीचा ओरखडा. दार बसलं होतं. दोन-तीन मिलिमीटरच, पण रोज हुक खाचेत न शिरता कडेवर आपटत होता, आणि प्रत्येक वेळी हँडलला लावलेला जोर आतल्या गिअरबॉक्सवर जात होता. शेवटी त्यातला ओतीव तुकडा तुटला. ते म्हणाले, "नुसता गिअरबॉक्स बदलला तर वर्षभरात मला पुन्हा बोलवाल. आधी दार उचलू." दार उचललं, गिअरबॉक्स आणि सिलिंडर नवा घातला. खर्च पहिल्याने मागितलेल्या रकमेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला.

त्यांनी दाखवलेली एक परीक्षा मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते. दार पूर्ण उघडा आणि उघड्या दारातच हँडल वर उचला. काठाच्या पट्टीतून हुक आणि खिट्ट्या बाहेर येतील. किल्ली फिरवा, परत उलटी फिरवा, हँडल खाली करा. हे सगळं लोण्यासारखं झालं आणि बंद दारातच अडत असेल, तर कुलूप धडधाकट आहे, दार किंवा चौकट जागेवरून हललेली आहे. उघड्या दारातही अडत असेल, तर बिघाड आतल्या यंत्रात आहे. मिनिटभराचं काम आहे. घरी आलेला कारागीर ही परीक्षा न करताच किंमत सांगू लागला, तर त्याला तिथेच थांबवावं.

दार बसलं असेल तर बिजागऱ्यांकडे वळायचं. यूपीव्हीसी दारांच्या बिजागऱ्यांवर प्लास्टिकची टोपी असते, ती काढली की आत ॲलन कीचे स्क्रू दिसतात. बऱ्याच बिजागऱ्यांत एक स्क्रू दार वर-खाली करतो, दुसरा डावी-उजवीकडे सरकवतो. एका वेळी पाव फेरा, मग दार लावून बघायचं. उंचीचा स्क्रू एकाच बिजागरीचा फिरवून थांबायचं नाही. सगळ्या सारख्या उचलायच्या, नाहीतर दाराचं वजन एकीवरच येतं. आणि हे काम भर उन्हात करायचं नाही. तापलेल्या दाराला जुळवलेलं माप गार दाराला चुकतं.

बिजागऱ्या जुळवूनही दार महिन्याभरात पुन्हा बसत असेल, तर दोष काचेच्या बसवणीत असतो. काच चौकटीत नुसती ठेवलेली नसते. बिजागरीच्या बाजूचा खालचा कोपरा आणि कुलपाच्या बाजूचा वरचा कोपरा, असे दोन तिरपे टोकाचे कोपरे प्लास्टिकच्या चकत्यांनी घट्ट केलेले असतात. गावाकडच्या लाकडी फाटकाला तिरपी पट्टी ठोकतात ना, तेच काम इथे काच करते. चकत्या सरकल्या की दाराचा कुलपाकडचा कोपरा खाली लोंबतो. त्या पुन्हा बसवायला काचेभोवतीच्या पट्ट्या काढाव्या लागतात, आणि काच जड असते. हे जाणत्याकडूनच करून घ्यावं.

गिअरबॉक्स मागवायचा तर दुकानदार तीन मापं विचारतो. काठाच्या धातूच्या पट्टीची रुंदी, जी बहुधा १६ किंवा २० मिलिमीटर असते. त्या पट्टीपासून किल्लीच्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर. आणि हँडलचा चौकोनी दांडा जिथून जातो तिथपासून किल्लीच्या भोकापर्यंतचं अंतर. पुष्कळ दारांत ते ९२ असतं. पट्टीवर कंपनीचं नावही कोरलेलं असतं, येल, विंकहाउस, फूर असं काहीतरी. त्याचा फोटो घ्या. "हे आता बनत नाही" हे कधीकधी खरंही असतं, पण बनवणं थांबलेल्या बऱ्याच यंत्रांना चालणारे पर्यायी भाग मिळतात, आणि तेही नसले तर आतली लांब पट्टी सगळी बदलता येते. त्यासाठी दार टाकून द्यावं लागत नाही.

सिलिंडर, म्हणजे किल्ली घालतो तो भाग, याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण इथे प्रश्न चोरीचा आहे. दिवाळीच्या आसपास इंग्लंडमधले पोलिस आशियाई कुटुंबांना सोन्याबद्दल सावध करतात, ते उगाच नव्हे. साधा युरो सिलिंडर मधोमध कमकुवत असतो, कारण तिथूनच त्याला धरून ठेवणारा स्क्रू आरपार जातो. तो हँडलच्या पट्टीच्या बाहेर डोकावत असेल, तर चोर त्याला पकडीत धरून मोडतो आणि दार उघडतो. या कामाला वेळ फारच थोडा लागतो. बाहेरच्या बाजूने सिलिंडर ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे नसावा. नवा घेताना टीएस ००७ या मानकाचे तीन तारे, किंवा सोल्ड सिक्योरचा एसएस ३१२ डायमंड शिक्का बघून घ्या. माप मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांपर्यंत वेगवेगळं घ्यायचं, बाहेरचं आधी. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असं नाही, आणि चुकून आखूड-लांब उलटं घेतलं तर नेमकी बाहेरची बाजू डोकावते. बदलणं अवघड नाही. दाराच्या काठावरचा लांब स्क्रू काढायचा, किल्ली किंचित फिरवून धरायची म्हणजे आतली जीभ सिलिंडरच्या रेषेत येते, आणि सिलिंडर हळूच ओढायचा.

घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर आतून किल्लीऐवजी फिरवायची मूठ असलेला सिलिंडर घ्या. आमच्याकडे आता तोच आहे. रात्री धूर झाला तर सासूबाईंना किल्ली शोधत बसावं लागू नये, एवढाच विचार त्यामागे. दाराला किंवा दाराशेजारी काच असेल, तर ती फोडून हात आत घालता येतो का हेही बघून ठरवावं.

आणखी एक. नुसतं हँडल वर उचललं म्हणजे कुलूप लागलं, असं पुष्कळांना वाटतं. हुक बाहेर येतात, पण किल्ली फिरवल्याशिवाय ते अडकून पडत नाहीत. पुष्कळ दारांत हँडल खाली दाबलं की ते सगळे परत आत जातात. विम्याच्या कागदात बाहेरच्या दारांच्या कुलपांबद्दल काय अट घातली आहे, ते एकदा वाचून काढा.

खिडक्यांचं दुखणं निराळं. खिडकीला दारासारखी बिजागरी नसते. वर-खाली किंवा दोन्ही बाजूंना सरकत्या पट्ट्या असतात, त्या घर्षणावर झडप धरून ठेवतात. त्या झिजल्या की झडप एका कोपऱ्यात लोंबते, वाऱ्याने आपटते आणि हिवाळ्यात फटीतून गार वारा येतो. लोक रबर बदलत बसतात, पण दोष पट्टीचा असतो. पट्ट्या नेहमी जोडीनेच बदलाव्यात. मागवताना लांबी, जाडी (१३ किंवा १७ मिलिमीटर) आणि खिडकी बाजूला उघडते की वर, हे सांगावं लागतं. वरच्या मजल्यावर हे काम एकट्याने मुळीच करू नये. शेवटचा स्क्रू निघाला की दुहेरी काचेची अख्खी झडप हातावर येते, आणि खाली रस्ता असतो.

झोपण्याच्या खोलीत तर जास्तच जपावं लागतं. आगीच्या वेळी माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी असेल, तर तिच्या पट्ट्या झडप पुरती उघडू देणाऱ्या असतात. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत अशा खिडकीची उघडी जागा किमान ०.३३ चौरस मीटर, आणि उंची-रुंदी कुठेही ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असं आहे. स्वस्तातल्या साध्या पट्ट्या बसवल्या की खिडकी अर्धीच उघडते. खिडकीच्या हँडलची किल्ली त्याच खोलीत, बाहेरून हात पोचणार नाही पण घरच्या सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.

हँडल बदलताना झाकणाखालचे स्क्रू दिसत नाहीत म्हणून ते उपटू नका. हँडल उघडं फिरवलं की झाकणी सरकते किंवा स्क्रू समोर येतात. खिडकीच्या नेहमीच्या हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर बहुधा ४३ मिलिमीटर असतं. बदलते ती चौकोनी दांड्याची लांबी. ती मोजूनच नवं हँडल घ्या.

तेलाबद्दल: डब्ल्यूडी-४० घराघरांत असतो, पण तो मुळात ओलावा हटवण्यासाठीचा द्रव आहे. तो जुनं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः लवकर उडून जातो. हुक, खिट्ट्या, बिजागऱ्या यांना वर्षातून दोनदा सिलिकॉन किंवा पीटीएफई स्प्रे द्या. किल्लीच्या भोकात तेल घालू नका, त्यात धूळ बसून चिखल होतो. तिथे कोरडं ग्रॅफाइट किंवा कोरडा पीटीएफईच.

दोन काचांच्या मध्ये धुकं आलं असेल, तर फक्त काचेचा जोड बदलून मिळतो. चौकट तीच राहते.

आता माणसं निवडण्याबद्दल. ब्रिटनमध्ये लॉकस्मिथला सरकारी परवाना लागत नाही. कुणीही गाडीवर पाटी लावू शकतो. मास्टर लॉकस्मिथ्स असोसिएशन आपल्या सभासदांची तपासणी करते, तिथे नाव आहे का हे बघावं. फोनवरच विचारावं: येण्याचे किती, तासाचे किती, भाग वेगळे का, व्हॅट धरून का, आणि उत्तर मेसेजवर लेखी मागावं. काढलेला जुना भाग आपल्याकडे ठेवावा. किंमत १०० पौंडांवर ते ३०,००० पर्यंत असेल आणि क्रेडिट कार्डाने दिली असेल, तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याच्या कलम ७५ खाली कार्ड कंपनीकडेही दाद मागता येते. सर्टिफिकेटची भीती कुणी घातली, तर एवढं लक्षात ठेवा: एप्रिल २००२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये अख्खी खिडकी किंवा काचेचं दार बदललं तर फेन्सासारख्या संस्थेचं किंवा कौन्सिलचं प्रमाणपत्र लागतं. हँडल, बिजागरी, कुलूप यांच्या दुरुस्तीला ते लागत नाही.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि नव्याने आलेल्या जोडप्यांनी खिशातून पैसे घालण्याआधी घरमालकाला लेखी कळवावं. इंग्लंडमध्ये सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराचा बाहेरचा भाग, त्यात बाहेरची दारं आणि खिडक्याही आल्या, दुरुस्त ठेवणं १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मालकाचं काम आहे. ईमेलसोबत दोन छोटे व्हिडिओ जोडा: एक उघड्या दारात हँडल उचलतानाचा, दुसरा बंद दारात. ते दोन बघून जाणत्या कारागिराला कोणता भाग घेऊन यायचा ते घरबसल्या कळतं.