इंजिन खवळलेल्या दर्यातच का बंद पडते?

नौकेत भांडवल घालणारे आपले पुष्कळ बंधू इंजिनाची किंमत तोंडपाठ सांगतात. टाकीपासून नोझलपर्यंतचा डिझेलचा रस्ता मात्र त्यांनी कधी पाहिलेला नसतो. आम्ही कापडाच्या धंद्यातले. पण पैसा अडकला आहे ती चीज समजून घ्यावी, हा हिशेब सर्व धंद्यांत सारखाच. सैरसपाट्याची मोटर यॉट असो की मिरकरवाड्याचा ट्रॉलर, हा रस्ता बहुतेक एकच आहे.

टाकीतले डिझेल प्रथम पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरमध्ये येते. तेथून फीड पंप, मग इंजिनावरचा बारीक फिल्टर, मग इंजेक्शन पंप आणि नोझल. जास्तीचे डिझेल परतीच्या नळीने पुन्हा टाकीत जाते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. इंजेक्शन पंपाच्या आतील भागांत मोकळी जागा असते जेमतेम २ ते ४ मायक्रॉन. त्या भागांना वंगण मिळते तेही डिझेलचेच. पाणी शिरले की वंगण गेले आणि गंज आला.

हे पाणी नेहमी पंपवाल्याने घातलेले नसते. डेकवरील झाकणाचे वायसर झिजले, हवेच्या नळीचे तोंड लाटेकडे राहिले, की ते आत येते. शिवाय टाकी जितकी रिकामी तितकी आत दमट हवा जास्त, आणि रात्री गारठली की तिचेच पाणी पत्र्यावर सुटते. म्हणून पावसाळ्यात नौका शाकारताना टाकी जवळजवळ भरून ठेवावी, नाही तर पूर्ण उपसून कोरडी करावी. अर्धी टाकी सर्वांत वाईट.

पाणी जड, ते तळाशी बसते. पाणी आणि डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढतात व काळा, चिकट गाळ धरतो. शांत खाडीत हा गाळ महिनोन्‌महिने पडून राहतो, कोणाला पत्ता लागत नाही. दर्या खवळला की टाकी घुसळते, गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो. इंजिन बंद पडते, तेही खडक जवळ असताना. तांडेलाला दोष देऊन काय उपयोग?

काही जण डिझेल फडक्यातून गाळून भरतात. कापडाचे आम्ही सांगतो : बारीकातल्या बारीक मलमलीच्या दोन धाग्यांमधील फट मायक्रॉनच्या हिशेबात सताड उघडा दरवाजा आहे. उलट सुती फडक्याचा रुआं डिझेलमध्ये जातो. जस्ताचा मुलामा दिलेली टाकी किंवा डबाही डिझेलला चालत नाही. जस्त त्यात उतरते आणि नोझल खराब करते.

रोज इंजिन चालू करण्यापूर्वी पहिल्या फिल्टरच्या तळाची चावी उघडून थोडे डिझेल काचेच्या बरणीत घ्यावे. खाली पाण्याचा थर दिसला तर निव्वळ डिझेल येईपर्यंत काढावे. दर्यात ओतू नये. फिल्टर किती तासांनी बदलायचा ते इंजिनाच्या पुस्तकात असते, पण गाळ दिसला तर पुस्तकाची वाट पाहू नये. जास्तीचे दोन फिल्टर नौकेवर असलेच पाहिजेत.

फिल्टर बदलला की लाइन एअर धरते. फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू कसावा. खलाशाला हे किनाऱ्यावरच दोनदा करून दाखवावे. नव्या कॉमन रेल इंजिनात मात्र नोझलकडे जाणारी जाड नळी कोणी सैल करू नये. तिच्यातील दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते.