आजाऱ्याची सेवा : एक धम्मपाठ



आपण दीक्षा घेतली, घरातला देव्हारा काढला, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. पण घरातले माणूस मरणपंथाला लागले की आपली खरी परीक्षा असते. माझे वडील कर्करोगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता करण्यासारखे काही नाही. घरी न्या." त्याच रात्री एक नातलग अंगारा घेऊन आले. तो मी परत केला. परंतु वडिलांच्या वेदनेवर काय करावे, हे मला बी.ए., बी.एड. होऊनही ठाऊक नव्हते. ते कण्हतच गेले. म्हणून हा पाठ लिहीत आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसार झालेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, त्याला धुतले आणि दोघांनी उचलून मंचकावर निजवले. आपली सेवा आणि आजाऱ्याची सेवा यांत त्यांनी भेद मानला नाही. तेथेच सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. ते आपल्या घराला असे लागू पडतात :

१) औषध देता यावे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या असतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने, ठरल्या वेळी दिल्यास वेदना आटोक्यात राहते. व्यसनाच्या भीतीने त्या नाकारू नका. त्या मिळणे सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. बद्धकोष्ठ होतो, त्याचे औषध सोबत मागून घ्या.

२) पथ्य-अपथ्य कळावे. शेवटी भूक मंदावते. बळेच भरवल्यास घास श्वासनलिकेत जातो. ओल्या फडक्याने ओठ भिजवत राहा.

३) सेवा मैत्रीने करावी, जमिनीच्या वाट्यासाठी नव्हे.

४) मलमूत्राची किळस नसावी. दर दोन तासांनी कूस बदला, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. हे काम एकट्या सुनेवर टाकू नका, मुलांनीही करावे.

५) धीराचे बोलता यावे. नकुलपिता आजारी पडला, तेव्हा नकुलमातेने त्याला खोटी आशा दाखवली नाही. सूत कातून मी मुले वाढवीन, घर चालवीन, शील पाळीन, असे सांगून तिने त्याच्या मनातली एकेक काळजी दूर केली. माझ्या वडिलांनाही धाकट्या बहिणीच्या शिक्षणाची काळजी होती. आम्ही मात्र त्यांना "तुम्ही बरे व्हाल" एवढेच सांगत राहिलो.

रोग बरा होत नसला तरी वेदना कमी करता येते. या शास्त्राला उपशामक सेवा म्हणतात. मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेले शांती अवेदना सदन हे भारतातले अशा सेवेचे पहिले रुग्णालय. "काही करण्यासारखे नाही" असे कोणी म्हणाले, तर "वेदनेवर काय देता?" असे नम्रपणे पण ठामपणे विचारा. मी ते विचारले नाही.

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर हा पाठ घरात मोठ्याने वाचा. घरातल्या वृद्धांना त्यांच्या मनातली काळजी विचारा, आणि ते बोलतील ते ऐकून घ्या.

जयभीम.