नेपल्सला पाऊस लागला तर?

प्रश्न : ऑक्टोबरअखेर आम्ही दोघं भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जातोय. नेपल्सला पाऊस असेल तर पॉम्पेईची सहल रद्द होऊन पैसे परत मिळतात ना?
– एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : ताई, नुसत्या पावसाने सहल सहसा रद्द होत नाही. समुद्र खवळला तर काप्री बेटाच्या बोटी मात्र थांबतात. पॉम्पेईत आडोसा कमी. तिथल्या दगडी रस्त्यांवर जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. त्यांत पाणी साचतं, गुळगुळीत दगडांवरून पाय सटकतो. छत्रीपेक्षा रेनकोट आणि पकड असलेले बूट बरे. गुडघे दुखत असतील तर बिनधास्त नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय गाठा. पॉम्पेईतली कितीतरी मूळ भित्तिचित्रं तिथेच आहेत, आणि ती डोळे भरून पाहावीत अशीच आहेत. मंगळवारी ते बंद असतं. स्वतंत्र फिरणार असाल तर जहाज सुटण्याच्या दोन तास आधी बंदरावर परता; उशीर झालेल्यांसाठी जहाज थांबत नाही.